ओट्याची ट्रायल

रविवारी सकाळी मास्तरांनी हॉलमधला सोफा ढकलत ढकलत पॅसेजमध्ये नेला, खुर्च्या बाल्कनीत काढल्या, गालिचा गुंडाळून पलंगाखाली सारला आणि मोकळ्या झालेल्या फरशीवर गुडघे टेकून शिंपीकामाच्या चपट्या खडूने एक घर आखायला घेतलं. सोळा फूट लांब, सात फूट रुंद. हे घर म्हणजे त्यांचा ट्रेलर. जीपच्या मागे जोडायचा, आत झोपायचं, बसायचं, शिजवायचं आणि मन रमेल तिथे उभा करायचा. गावाबाहेर एका मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये त्याचा सांगाडा तयार होता. पत्रा ठोकून झाला होता, खिडक्या बसल्या होत्या, बाकाची आणि पलंगाची जागा ठरली होती. राहिला होता फक्त ओटा. मिस्त्रीने ओट्याचे चार नकाशे मास्तरांच्या हातात ठेवले होते आणि बजावलं होतं, शनिवारी दुपारी बाराच्या आत एक पक्का करून द्या, सोमवारी मी प्लायवुड कापायला घेणार. चुकलात तर तुमचा नंबर पाच महिन्यांनी.

आता पाच महिने म्हणजे काय हे कळायला ह्या दोघांचा संसार माहीत असायला हवा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी कापड कापलं. त्यांची बायको एका शाळेच्या होस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळायची. सत्तावीस वर्षं, रोज एकशे चाळीस पोरं जेवायला. त्या पोरांची ती मावशी, म्हणून मग सगळ्या गल्लीचीच मावशी. गंमत बघा, होस्टेल बंद व्हायचं ते शाळेला सुट्टी लागल्यावर, आणि शाळेला सुट्टी लागली की युनिफॉर्मच्या कारखान्यात मान वर करायला सवड नसायची. एकाला रजा तेव्हा दुसऱ्याला मरणाचं काम. सत्तावीस वर्षांत दोघांनी मिळून केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मुलीच्या सासरी, तोही संध्याकाळी परत. ह्या वर्षी दोघंही एकदमच निवृत्त झाली आणि मास्तरांनी जेवता जेवता जाहीर केलं, की आता दीड महिना घरी राहायचं नाही. मावशी नुसत्या हसल्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी बॅगा उन्हात टाकल्या. आता हवा चांगली होती. पाच महिन्यांनी ती राहणार नव्हती.

मिस्त्रीचे नकाशे असे. पहिल्यात ओटा एका अंगाला सरळ. दुसऱ्यात अगदी मागे, मागच्या खिडकीखाली. तिसऱ्यात चक्क बाहेर, म्हणजे ट्रेलरच्या कुशीचं झाकण वर उचलायचं आणि मोकळ्या हवेत उभं राहून शिजवायचं. चौथ्यात कोपऱ्यात, काटकोनी. मावशींनी चारही कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "कुठलाही चालेल."

ज्या माणसाने जन्मात कुठलीही चालेल अशी चड्डी कापली नाही, त्याला हे उत्तर कसं पचावं? होस्टेलचा ओटा मोठाल्या पातेल्यांसाठी मुद्दाम बुटका बांधलेला होता. मावशी पाच फुटाला दोन बोटं कमी, तरी त्यांनासुद्धा त्यावर वाकावं लागे, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या कमरेला बाम चोळायचं काम मास्तरांचं. चोळता चोळता त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, हिला एकदा तरी हिच्या अंगाबरोबर बेतलेला ओटा करून द्यायचा. बरं, कागदावर पाहून कपडा कळत नाही, तो अंगावर चढवून बघावा लागतो. ओट्याचंही तसंच. म्हणून फरशीवर खडू, आणि अकरा वाजता मावशींना उभं करून पहिली ट्रायल.

पावणेअकराला मावशी हात पुसत स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाल्या. पॅसेजमध्ये सोफा होता. तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं, पायांना नव्हतं. वीस वर्षं मोकळ्या पॅसेजमधून चाललेले पाय थेट सोफ्यात गेले, मावशी त्याच्या हातावरून पलीकडे उतरल्या आणि घोटा वळला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि दोन आठवडे उभं राहायचं नाही म्हणून सांगितलं. मास्तर इतके ओशाळले की परत येताना रिक्षात ते मावशींचा पाय स्वतःच्या मांडीवर धरून बसले. मावशींनी विचारलं.

"आता ट्रायल कशी घेणार?"

"तुझ्या जागी मी उभा राहीन."

"आणि शिजवणार कोण?"

"मीच. नुसतं उभं राहून ओटा कळतो होय?"

मावशींनी त्यांना निरखून पाहिलं. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं हे ह्या माणसाने आजवर विचारलंसुद्धा नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

सोमवारी सकाळी खडूच्या ट्रेलरमध्ये संसार सुरू झाला. निवृत्तीच्या वेळी कारखान्यातून मिळालेलं, कापड कापायचं चार फूट लांबीचं बुटकं टेबल म्हणजे ओटा. त्यावर एका बर्नरची शेगडी. बुटांची खोकी एकावर एक रचून फ्रीज, आणि बादली म्हणजे बेसिन. बाकाच्या जागी मावशींची खुर्ची आणि पायाखाली दुसरी. नियम एकच, पण कडक. रेष म्हणजे भिंत. आत यायचं ते दारातूनच, आणि दार आखलं होतं बाल्कनीच्या बाजूला, त्यामुळे स्वयंपाकघरातून मीठ आणायचं तर मास्तर सगळ्या ट्रेलरला वळसा घालून जात आणि वळसा घालून येत. मावशी म्हणाल्या, रेषेवरून टाका की पाय. मास्तरांनी ऐकलं नाही. ट्रायलमध्ये फसवाफसवी केली की कपडा पुढे अंगावर सूड घेतो, असं त्यांचं मत होतं.

खरी पंचाईत स्वयंपाकाची. मावशी बसल्या जागेवरून सांगायला तयार होत्या, पण त्यांच्या डोक्यातलं सगळं प्रमाण एकशे चाळीस पोरांचं. कांदे किती? चार किलो. मीठ किती? दोन मग. चिमूटभर हा शब्दच त्यांच्या तोंडी नव्हता. मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली, एकशे चाळीसला दोनाने भागलं, सत्तर आले, आणि मग चार किलो कांद्याला सत्तराने भागून वजनकाट्यावर सत्तावन्न ग्रॅम कांदा मोजून घेतला. मिठाच्या मगाला सत्तराने भागताना मात्र त्यांची सपशेल शरणागती झाली. त्या दिवशीचा भात मावशींनी पाण्याच्या घोटाबरोबर संपवला आणि चांगला झालाय म्हणाल्या.

"ओट्याबद्दल बोल," मास्तर म्हणाले.

"सरळ ओट्याला तुमची नुसती पाठ दिसते हो. बोलायचं कुणाशी?"

बोलायचं कुणाशी हा मुद्दा मास्तरांना एकदम पटला. पहिला नकाशा रद्द. शिवाय संध्याकाळी त्यांची कंबर अशी धरली की त्यांना उठता येईना. मावशींनी त्यांना पालथं झोपवून बाम चोळला, आणि चोळता चोळता पहिल्यांदाच असं झालं की कण्हणारा माणूस दुसरा होता. मंगळवार उंची ठरवायला राखून मास्तरांनी सकाळी टेबलाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे घातले. दुपारी आणखी एकेक घातला. कंबर थोडी सैल झाली. बायकोला ह्या उंचीवर केवढं बरं वाटेल, ह्या विचाराने त्यांना भरून आलं.

मंगळवारीच मुलगी आली, आईचा पाय बघायला. ती आपली नेहमीसारखी पुढच्या दारातून सरळ आईकडे निघाली.

"अगं, फ्रीजमधून आलीस," मास्तर ओट्यावरून म्हणाले.

मुलगी जागच्या जागी थबकली. तिने फरशीवरच्या रेषा पाहिल्या, खोकी पाहिली, ॲप्रन बांधून अंडी फेटणारे सहा फुटी वडील पाहिले आणि आईला डोळ्यांनीच विचारलं, की हे कधीपासून? आईने सांगितलं की परवापासून, आणि दारातून ये. बिचारी परत गेली, बाल्कनीकडून वळसा घालून दारातून आली आणि पलंगाच्या रेषेत मुकाट्याने मांडी घालून बसली. ऑम्लेट मात्र तिने दोनदा मागून घेतलं. जाताना ती पॅसेजमध्ये आईचा मोबाइल नंबर नीट लागतो ना, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर आहे ना, हे बघून गेली. डॉक्टर कुणासाठी ते तिने सांगितलं नाही.

बुधवारी मागच्या खिडकीखालचा ओटा. हा मास्तरांना मनातून फार आवडला होता, कारण खिडकीतून मागे पडत जाणारा रस्ता दिसेल असं त्यांना वाटे. म्हणजे चालत्या ट्रेलरमध्ये कुणी शिजवत नाही हे त्यांच्या लक्षात यायला वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका यावे लागले. काकांनी आयुष्यभर लांब पल्ल्याच्या बस चालवल्या होत्या. पायऱ्या उतरताना त्यांना फोडणीचा धूर दिसला आणि ते विचारपूस करायला आत आले, दारातून, कारण त्यांना रस्त्याच्या रेषा पाळायची सवय होती. नकाशा बघताच त्यांनी मान हलवली. ओटा, फ्रीज, पाण्याची टाकी, सगळं वजन चाकांच्या मागे गेलं तर शेपूट हलणार. कसं हलणार ते दाखवायला त्यांनी मास्तरांच्या कमरेला मागून धरलं आणि दोघं हॉलभर डावीकडे-उजवीकडे झुलत निघाले. तिसऱ्या वळणाला काकांचा पाय बेसिनमध्ये गेला. मावशी इतक्या हसल्या की त्यांच्या पायाखालची खुर्ची सरकली. दुसरा नकाशा रद्द.

त्या दिवशी जेवण बरं जमलं होतं. काकाही जेवून गेले. मिठाचं गणित मास्तरांनी सोडून दिलं होतं आणि ते आता चव घेऊन टाकत होते. आणखी एक ठोकळा त्यांनी त्या दिवशी वाढवला, आणि वरच्या फळीचं माप घेतलं, हात सहज पोचेल असं.

गुरुवारी बाहेरचा ओटा. ट्रेलरची बाहेरची बाजू बाल्कनीत येत होती, म्हणून टेबल, ठोकळे, शेगडी सगळं बाल्कनीत गेलं. वारा होता. शेगडी सात वेळा विझली. आठव्या वेळी पेटली, तर कांद्याची सालं उडाली आणि खालच्या बाईंच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर जाऊन बसली. सालं काढायला मास्तर ॲप्रनसकट खाली गेले, तोवर वर पातेलं करपलं. करपल्याचा वास आला म्हणून खालच्या बाई लिफ्टने वर आल्या, तेव्हा दार उघडायला कुणी नाही, कारण मावशींना उठायची मनाई आणि मास्तर त्यांच्याच दारात उभे. दोघांनी एकमेकांच्या घराच्या घंटा पाच मिनिटं वाजवल्या. तिसरा नकाशाही गेला.

उरला काटकोनी. शुक्रवारी सकाळी तो मांडला आणि काय सांगावं, बसला म्हणजे अगदी बसला. शेगडीशी उभं राहिलं की चेहरा बाकाकडे. डाव्या हाताला बेसिन, उजव्या हाताला फ्रीज, एक पाऊल इकडे, अर्धं तिकडे. मास्तर त्यात असे फिरू लागले, की त्यांना ठेचही लागेना आणि सांडलवंडही होईना. पण मावशींचं समाधान काही होईना. सकाळी म्हणाल्या, फडकं कुठे टांगायचं ते ठरलं नाही, दुपारी आणखी एकदा करून बघा. दुपारी म्हणाल्या, सूप ढवळताना कोपर खिडकीला लागेल का, संध्याकाळी सूप करून बघा. संध्याकाळी सूप झालं. मास्तर शेवटचा ठोकळा घालून ताठ उभे होते, पाठीत कळ नाही, खांद्यात ताण नाही, आणि समोर बायको वाडगा हातात घेऊन डोळे मिटून पीत होती.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं. त्यांना ओटा म्हणायचा होता.

"सुरेख," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी टेप काढली, उंची मोजली, एकोणचाळीस इंच. वरची फळी सहा फूट. सगळं चौथ्या नकाशावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शनिवारी वीस मिनिटं शिल्लक असताना कागद मिस्त्रीच्या हातात दिला. परत येऊन त्यांनी फरशी पुसली, सोफा जागेवर आणला आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी शांत झोप त्यांना भरदुपारी लागली.

अडीच आठवड्यांनी ट्रेलर तयार झाला. मावशींचा घोटाही बरा झाला होता. दोघं भांडीकुंडी आणि चहासाखर जीपमध्ये टाकून वर्कशॉपमध्ये गेली. पांढराशुभ्र ट्रेलर आवारात उभा होता, आणि मास्तरांनी दार उघडून, एखाद्या गिऱ्हाइकाला नवा कोट दाखवावा तसं बाजूला होऊन मावशींना आत जाऊ दिलं.

मावशी आत गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. ओटा जवळजवळ त्यांच्या छातीला लागला. त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले ते तिकीट खिडकीशी उभं राहिल्यासारखे. वरच्या फळीकडे त्यांनी हात केला, तर टाचा उंचावूनही ती वीतभर लांबच राहिली.

मास्तर दारातच खिळले. डोक्यात लख्ख उजेड पडावा तसं त्यांना सगळं दिसलं, ठोकळे, कंबर, कोपर, फळी. ट्रायल कुणाच्या अंगावर घेतली आणि कपडा कुणाला घालायला निघालो! चौतीस वर्षांत त्यांच्या हातून तिसरीतल्या पोराचा शर्ट कधी सातवीतल्या पोराला गेला नव्हता. आणि घरचं एकच माप, जे चुकायला नको होतं, नेमकं तेच चुकलं.

"मिस्त्री," ते कसंबसं म्हणाले, "हा सात इंच खाली घ्या. आजच्या आज."

मिस्त्री म्हणाला, कसा घेणार? खाली पाण्याची टाकी बसवलीय, फ्रीज बसवलाय, सगळं उकलावं लागेल. म्हणजे पुन्हा पाच महिने. मग तो डोकं खाजवत म्हणाला, "पण मास्तर, मी फोन केला होता की. एकोणचाळीस वाचून मलाच शंका आली. तुम्ही बाहेर गेला होतात, ताईंनी घेतला."

"मग?"

"ताई म्हणाल्या, बरोबर आहे, तेवढाच ठेवा. बाक मात्र तीन इंच खाली घ्या म्हणाल्या."

मास्तरांनी वळून पाहिलं. मावशी बाकावर जाऊन बसल्या होत्या. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी तुम्ही दुसरा ठोकळा घातलात ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खाली घेतला असता."

मास्तर ट्रेलरमध्ये चढले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. ते म्हणाले, की अगं, मला तुझ्या मापाचं करायचं होतं, एवढी एकच गोष्ट करायची होती. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला, आणि मिस्त्री उगाचच चाकाची हवा बघायला खाली वाकला.

"मग झालंय की," मावशी म्हणाल्या. "तुम्ही माझं उभं राहायचं माप घ्यायला निघालात हो. होस्टेलच्या खुर्च्या, घरचा सोफा, कुठेही बसले तरी पाय लोंबकळायचे. बसायचं माप कधी कुणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही. ते ह्या खेपेला घेतलं." त्यांनी शेजारी हात थोपटला. "आणि तुमच्या हातचं सूप मला आवडलं. खरंच आवडलं. या, बसा."

मास्तर डोळे पुसून बसले. बाक इतका बुटका झाला होता की त्यांचे गुडघे हनुवटीकडे निघाले. त्यांनी पाय लांब केले, ते ओट्याखाली अडकले. तिरके केले तर दाराबाहेर गेले. मांडी घालून पाहिली, तर मावशींना जागा उरेना. शेवटी ते उठून उभे राहिले. उभं राहिल्यावर समोर ओटा होता, कोपराच्या बरोब्बर खाली, डाव्या हाताला बेसिन, आणि कुठे काही टोचत नव्हतं की खुपत नव्हतं. आता उभंच राहायचं तर नुसतं काय उभं राहायचं, म्हणून त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं आणि चहा टाकला. बाहेरून मिस्त्रीने, अर्धा कप मलाही चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा त्याचंही पाणी वाढवलं.